दसऱ्यानंतर तोडलेलं सरपण पुढच्या पावसाळ्यापर्यंत कसं सांभाळायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. राजापूरजवळ गावचं घर आहे, आई-बाबा तिथे वर्षभर राहतात, गॅस आहे पण आंघोळीचं पाणी बंबावर आणि संध्याकाळची भाकरी-भात चुलीवर. सप्टेंबरच्या वादळात परसातला जुना रायवळ आंबा मुळासकट आडवा झालाय, बांधावरची चार-पाच अकेशियाची झाडंही काढायची आहेत, तुम्ही दिवाळीला पुण्याहून आठवडाभर येणार आहात, आणि तेवढ्यात सगळं तोडून, रचून, वर ताडपत्री घट्ट बांधून आणि वाळवीचं औषध मारून मोकळं व्हायचं असा बेत आहे. हे बरोबर आहे का, असं विचारलंय तुम्ही.

बेत चांगलाय, आई-बाबांसाठी एवढं करताय ते तर फारच चांगलं, पण त्यातल्या शेवटच्या दोन गोष्टी, म्हणजे ताडपत्री आणि औषध, कृपा करून करू नका. का ते सांगतो. आमचं दापोलीकडे घर आहे, घरगुती खानावळ चालवतो, दोन चुली आणि दोन बंब बाराही महिने पेटतात, त्यामुळे सरपण हा आमच्याकडे भाताएवढाच महत्त्वाचा विषय आहे.

तुम्ही याला साठवणीचा प्रश्न म्हणताय, खरा प्रश्न वाळवणीचा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात साधारण निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी तुम्ही उन्हावाऱ्यात घालवलं नाही तर चुलीत आईला घालवावं लागतं. आणि एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला जेवढी उष्णता लागते ना, तेवढ्यात जवळजवळ आठ लिटर गार पाण्याला आधण येतं. म्हणजे ओलं लाकूड घातलं की बंबातल्या पाण्याआधी लाकडातलंच पाणी तापत बसतं, वर धूर, डोळे चुरचुरणं, धुराड्यात काळा चिकट थर, आणि लाकूड दीडपट-दुप्पट जातं ते वेगळंच. वाळलेलं म्हणजे किती, तर पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आलेलं. कोकणात हे जमतं ते फक्त हस्ताचा पाऊस सरल्यापासून रोहिणी निघेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते २५ मे. त्यानंतर हवेतच एवढा दमटपणा असतो की लाकूड वाळणं सोडाच, वाळलेलंही थोडं ओल ओढून घेतं. म्हणून दिवाळीत तोडणं हा अगदी योग्य काळ आहे, पुढे सात महिने हातात मिळतात. जे लोक होळीनंतर तोडायला घेतात त्यांना अडीच-तीन महिनेच मिळतात, बारीक लाकडाला ते पुरतात, जाड ओंडक्याला नाही.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. घर खाडीकाठी आहे की सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळ-पठारावर, हा मोठा फरक. सड्यावर वारा भरपूर, लाकूड लवकर वाळतं. खाडीच्या कडेला किंवा माडा-पोफळीच्या दाट वाडीत घर असेल तर तेच लाकूड महिना-दीड महिना जास्त घेतं. शिवाय परसात दिवसाचं किती तास ऊन येतं, बाबांच्याच्याने किती उचलवतं, आणि गावात कुऱ्हाड चालवणारा माणूस मिळतो का, हे सगळं बघून खालचं जुळवून घ्या.

तोडायच्या आधी दोन गोष्टी, आणि या घाईत विसरू नका. पहिली कागदाची. आंबा स्वतःच्या जमिनीतला असला तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत तो आहे. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह ही सगळी त्या यादीतली, उभी असतील तर परवानगी लागतेच. तुमचा पडलेला आहे, तरी फोटो काढून ठेवा, तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारा, म्हणजे उद्या टेम्पोत लाकूड भरताना कुणी अडवलं तर हातात कागद असतो. अकेशिया त्या यादीत नाही, पण गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीच्या पासचं तिथेच विचारून घ्या. सावंतवाडी-दोडामार्ग भागातले कुणी हे वाचत असतील तर तिथे २०१३ पासून हायकोर्टाच्या आदेशाने वृक्षतोडीवर बंदी आली, तिथे तर विचारल्याशिवाय कुऱ्हाड उचलूच नका. गोव्यात १९८४ चा वेगळा कायदा आहे.

दुसरी गोष्ट जिवाची. मुळासकट पडलेलं झाड दिसायला शांत असतं, पण ते दाबात असतं. मुळांचा मातीसकट उचकटलेला जो मोठा गड्डा उभा राहिलेला असतो, त्याच्या जवळ खोड कापलं की फांद्यांचं वजन सुटतं आणि तो गड्डा बुंध्यासकट खाडकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कुणी उभं असेल तर वाचत नाही. म्हणून खड्ड्यात उतरून माती काढणं, पोरांनी तिथे खेळणं, हे पहिल्यांदा बंद करा. कापणी शेंड्याकडून सुरू करायची, आधी बारीक फांद्या, मग जाड, बुंधा सगळ्यात शेवटी, आणि बुंध्याचं काम मशीनवाल्या अनुभवी माणसालाच द्या. जमिनीवर टेकून वाकलेली फांदी कापताना तर ती कुठल्या बाजूला उसळेल ते आधी बघायचं, त्या बाजूला उभं राहायचं नाही. विजेची तार अडकली असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद झाल्याशिवाय हातही लावायचा नाही. आणि आंब्याचा चीक अंगावर आला की काही जणांना भाजल्यासारखे फोड येतात, आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. बिब्ब्याचं लाकूड मात्र सरपणात चुकूनही घेऊ नका, त्याच्या धुरानेसुद्धा अंग सुजतं. कण्हेरही नको.

बुंधा जर सरळ आणि दोन माणसांच्या कवेत येईल एवढा असेल तर तो चुलीत घालू नका, वखारवाल्याला दाखवा. आंब्याच्या फळ्यांना गिऱ्हाईक असतं, पेट्यांसाठी, साध्या फर्निचरसाठी. फांद्या, वाकडी खोडं, गाठीवाले भाग सरपणाला खूप होतात.

आता मुख्य काम, तुकडे करणं आणि फोडणं. लाकडातलं पाणी सालीतून जवळजवळ बाहेर पडतच नाही, ते जातं कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या अंगातून. म्हणून सहा फुटी ओंडका मेपर्यंत उन्हात पडून राहिला तरी आतून ओलाच राहतो, आणि तोच सव्वा फुटाचे तुकडे करून मनगटाएवढा फोडला की होळीच्या आसपास खणखणीत होतो. तुमच्याकडे आठच दिवस आहेत ना, मग ते रचण्यात आणि झाकण्यात घालवू नका, फोडण्यात घालवा. रचायचं काम बाबा आणि एखादा गडी नंतर सावकाश करू शकतात. चुलीसाठी सव्वा फूट लांबी बरी, बंबासाठी मात्र वितभर लांबीच्या बारीक ढलप्या लागतात, तर आईला विचारून बंबाच्या तोंडाचं माप घ्या आणि त्यासाठी वेगळा ढीग करा, नाहीतर पावसात रोज सकाळी कोयता घेऊन बसावं लागतं.

आणि फोडायचं ते ओलं असतानाच. अकेशिया ओली असताना पाचरीच्या दोन-चार घावांत उघडते, वाळल्यावर तीच कुऱ्हाड परत फेकते. ऐन, किंजळ, बाभूळ यांचंही तसंच. घाव घालताना ओंडक्याच्या तोंडावर आधी नीट बघा, मध्यापासून बाहेर गेलेली केसासारखी बारीक भेग दिसेल, घाव त्या रेषेवर घालायचा, मध्यावर नाही तर कडेकडून, आणि गाठ असलेली बाजू खाली ठेवायची. गाठीवरच ताकद लावत बसू नका, असले तुकडे बाजूला टाका, भात उकडायच्या चुलाणात ते अख्खेच जातात आणि रात्रभर धुमसतात. खाली ठोकळा हवाच, जमिनीवर फोडलं की कुऱ्हाड दगडावर जाते किंवा पायावर येते. अजून एक, ऑक्टोबरच्या उन्हात कुऱ्हाडीचा दांडा आकसतो आणि पातं सैल होतं. रोज सुरू करायच्या आधी पातं हलवून बघा, सैल असेल तर लाकडाची पाचर ठोका. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात लोक, तो एका दिवसाचा उपाय आहे, दुसऱ्या दिवशी दुपारी पातं परत हलतं आणि ते उडालं तर समोरच्याचं काही खरं नाही.

आंब्याची साल जमेल तेवढी काढा. सगळ्याच लाकडांना हे करायला लागत नाही, पण आंब्याला भुंगा फार लवकर लागतो, सालीखाली अंडी घालतो आणि मग दोन-तीन महिन्यांत रचाईखाली पिठासारखी भुकटी पडायला लागते. फोडताना साल आपसूक सुटते तेवढी तरी काढून टाका.

आता रचाई. अंगणात किंवा खळ्याच्या कडेला, जिथे दुपारचं ऊन आणि वारा दोन्ही येतात तिथे जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन ओळी टाका, त्यावर पोफळीचे किंवा अकेशियाचे लांब वासे आडवे, म्हणजे लाकूड जमिनीपासून हातभर वर राहतं आणि खालून वारा खेळतो. त्यावर एकाच तुकड्याच्या रुंदीची रांग रचायची, दोन रांगा एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. कापलेली तोंडं वाऱ्याकडे. दोन्ही टोकांना दोन आडवे, दोन उभे असं चौकटीने रचत गेलं की मधली रांग ढासळत नाही. उंची छातीपर्यंत पुरे, त्याच्या वर गेलं की बाबांना काढताना त्रास, आणि कलंडायची भीती. घराच्या भिंतीला टेकवून तर रचूच नका. भिंत आणि लाकूड यांच्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा ठेवा, कारण वाळवी लाकडातून भिंतीवर आणि भिंतीवरून मातीची वाट करत थेट वाश्यांपर्यंत जाते.

ताडपत्रीचं आता सांगतो. ओलं लाकूड चारी बाजूंनी गुंडाळलं की दिवसा उन्हाने आतलं पाणी बाहेर येतं, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, रात्री तेच परत लाकडावर ठिबकतं. आमच्या भागात हे सगळ्यांनी मोठ्या प्रमाणावर बघितलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात आंबे, माड, पोफळी लाखमोलाच्या आडव्या झाल्या, आणि लगेच पाऊस. लोकांनी नाइलाजाने ओलं लाकूड तसंच ताडपत्रीत बांधून ठेवलं, दुसरं करणार तरी काय होते, आणि गणपतीत उघडलं तर वरून पांढरी बुरशी, आतून मऊ पडलेलं. तुमच्याकडे तो नाइलाज नाही, तुमच्यापुढे कोरडे सात महिने आहेत. दिवाळीच्या आधी-मागे संध्याकाळी गडगडाट होऊन परतीचा पाऊस पडतो तेवढ्यापुरता फक्त माथ्यावर एक जुना पत्रा किंवा झावळ्यांचा विणलेला झाप टाका, दगड ठेवा, बाजू पूर्ण उघड्या. एखादी सर बाजूने लागली तर काही बिघडत नाही, वरचं पाणी दोन दिवसांत उडतं, आतलं पाणी कोंडलं तर महिने जातात. नोव्हेंबर ते मे पत्राही नसला तरी चालतो, अवकाळीचं सावट आलं तर टाकायचा.

लाकूड वाळलं की नाही हे कसं कळणार? तोंडावर मध्यापासून बाहेर फुटलेल्या भेगा दिसतात, साल हाताने निघते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खण्ण आवाज येतो, ओल्याचा बद्द येतो. आमची आई नुसत्या आवाजावर सांगते. पण तुम्ही लांब राहता, म्हणून एक सोपी युक्ती सांगतो. फोडताना मध्यम जाडीचे तीन-चार तुकडे निवडा, त्यांच्या तोंडाला ऑइलपेंटचा ठिपका लावा, किचनच्या काट्यावर वजन करून ते वजन त्याच तुकड्यावर पेन्सिलने लिहा, आणि हे तुकडे रांगेच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. बाबांना सांगा दर महिन्याच्या एक तारखेला ते काढून वजन करायचं आणि खाली नवा आकडा लिहायचा. समजा दोन किलोचा तुकडा असेल तर पहिल्या महिन्यात भराभर उतरेल, मग हळू, आणि सव्वा किलोच्या आसपास येऊन आकडा हलायचा थांबेल. दोन महिने आकडा तोच राहिला की लाकूड तयार. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा येईल, त्याचं काही नाही, थांबला की नाही एवढंच बघायचं. फोनवर विचारायला पण बरं पडतं.

वाळवीच्या औषधाबद्दल. चुलीत जाणाऱ्या लाकडावर कुठलंही कीटकनाशक मारू नका, अजिबात नाही. ते जळताना त्याचा धूर आईच्या नाकातोंडात जाणार, राखेत राहणार, आणि ती राख आपण भांड्यांना आणि परसातल्या भाजीला वापरतो. वाळवीला ओल आणि मातीचा स्पर्श लागतो, चिऱ्यांवर उचलून ठेवलेल्या कोरड्या लाकडाकडे ती सहसा फिरकत नाही. चिऱ्यांच्या भोवती चुलीतली राख जाड पसरा आणि आठवड्याला चिऱ्यांवर मातीची रेघ चढलेली दिसते का बघा, दिसली तर खरवडून टाका, बास. भुंग्याची भुकटी दिसली तर ते तुकडे वेगळे काढून आधी जाळा, घरातल्या फर्निचरजवळ नेऊ नका.

मेच्या मध्यात दुसरं काम, लाकूड आत घेणं. पडवी असेल तर पडवीत, नसेल तर पत्र्याची एक बाजू घराच्या मागच्या अंगाला उतरवून खोप करा, पागोळीचं पाणी उडणार नाही एवढं आत, पावसाची झोड येते ती नैर्ऋत्येकडची बाजू बंद आणि बाकीच्या बाजू उघड्या किंवा जाळीच्या. इथे पण चिरे आणि वासे खाली हवेतच. दुपारच्या कडक उन्हात आत घ्यायचं, सकाळी दव असताना नाही. आणि आत घेताना प्रत्येक तुकडा काठीने हलवून मग उचलायचा. सहा-सात महिने न हलवलेली रचाई म्हणजे विंचू आणि फुरसं या विषारी सापाची हक्काची जागा, आपल्या राजापूर-लांजा-देवगड पट्ट्यात फुरसं किती आहे ते तुम्हाला माहीतच असेल. बूट, हातमोजे, आणि संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय त्या बाजूला जायचं नाही हे आई-बाबांना आवर्जून सांगा. चावलं तर बांधाबांध, चिरा मारणं काही न करता सरळ सरकारी दवाखाना, फुरशावर लागू पडणारी लस तिथे मिळते, निघतानाच फोन करून विचारून घ्या म्हणजे वाटेत वेळ जात नाही.

किती लाकूड लागेल हेही विचारलंय. अंदाज लावू नका, मोजा. दिवाळीत तिथे असालच, एका दिवसाचं बंब आणि चूल मिळून लागणारं कोरडं लाकूड सकाळी वजन करून बाजूला काढा आणि संध्याकाळी उरलेलं मोजा. समजा सहा किलो आलं, तर जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे साधारण पाऊण टन. सव्वा फूट लांबीच्या तुकड्यांची १२ फूट लांब आणि ४ फूट उंच एक रांग म्हणजे वाळल्यावर अंदाजे सहाशे किलो धरा, लाकडाच्या जातीप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणजे तुम्हाला दीड रांग पावसाळ्याची, आणि एखादी रांग होळी ते मे रोज वापरायला. तुमच्या एका आंब्याच्या फांद्यांत आणि चार अकेशियांत हे आरामात निघेल. फक्त या दिवाळीतलं ओलं लाकूड लगेच वापरायला काढू नका, तोवर झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या आणि गेल्या वर्षीचं शिल्लक यावर भागवा. काजूच्या बियांची टरफलं मात्र चुलीत नको, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला बाधतो.

जात पण लक्षात ठेवून रचा. आंबा लवकर पेट घेतो आणि लवकर संपतो, तो सकाळच्या बंबाला. अकेशिया जड, निखारा चांगला धरते, ती भाकरी-भाताला. दोन्ही एकाच रांगेत मिसळले तर आईला रोज निवडत बसावं लागेल, म्हणून अलग रांगा करा, आणि खोपीत आंबा पुढे, अकेशिया मागे. आंबा फार टिकतही नाही, तो या पावसाळ्यात संपवायचा, अकेशिया पुढच्या वर्षाला उरली तरी चालते.

पावसात रोजचं लाकूड एक दिवस आधी स्वयंपाकघरात आणून चुलीजवळ, पण ठिणगी पोचणार नाही एवढ्या अंतरावर उभं करून ठेवायचं, वरवरची ओल तेवढ्यात जाते. चुलीच्या वर टांगलेली, लाकडं ठेवायची बांबूची माळी असेल तर फारच उत्तम, नसेल तर या फेरीत बाबांकडून करून घ्या. आणि बंब न्हाणीत पेटवत असतील तर एवढं नक्की बघा की खिडकी किंवा वरची झरोक्याची फट उघडी आहे, दार लावून पेटता बंब आत ठेवून आंघोळ करायची नाही, जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत चक्कर येते. पावसात गार वारा येतो म्हणून म्हातारी माणसं ती खिडकी हमखास लावून घेतात, तिथे जाळी मारून ती कायमची उघडीच राहील असं करून या.